पडदा कोणासाठी?

आपल्या भाषेतल्या काही शब्दांनी म्हातारपणी आपला धंदा बदलला आहे. ‘पडदा’ हा त्यांतलाच एक. आमच्या लहानपणापर्यंत पडद्याचे काम एकच असे, आणि ते म्हणजे लपवणे. नाटकाचा पडदा रंगमंचावरची धांदल लपवी. माजघराच्या दारावरचा पडदा घरातला पसारा पाहुण्यांपासून लपवी. लग्नातला अंतरपाट वधूवरांना चार मंगलाष्टकांपुरते एकमेकांपासून लपवी. आता तोच शब्द काचेच्या एका चौकोनी तुकड्याला जाऊन चिकटला आहे, आणि त्याचे काम नेमके उलटे, म्हणजे दाखवण्याचे! घरात पडदा, खिशात पडदा, बँकेच्या भिंतीवर पडदा, रेल्वेच्या फलाटावर पडदा. लपवण्यासारखे जगात आता काही उरलेच नाही की काय, अशी शंका यावी, इतके हे दाखवणारे पडदे वाढले आहेत.

दिवाळी आली की या पडद्यांना बहर येतो. वर्तमानपत्र उघडावे तर बातम्यांच्या आधी टी.व्ही.च्या जाहिराती. शेजारच्यांनी ४३ इंची घेतला म्हणून आपण ५५ इंची घ्यावा की काय, या विवंचनेत अनेक सद्गृहस्थांची वसुबारस ते धनत्रयोदशी निघून जाते. पण या पडद्यांमध्येही दोन घराणी आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एक घराणे दिवाणखान्यातले. नाजूक, सडपातळ, देखणे. दुसरे कारखान्यातले. जाडजूड, धातूच्या चौकटीतले, दिसायला अगदी ओबडधोबड, आणि किमतीला पहिल्याच्या तिप्पट-चौपट. घरात जसा पाहुण्यांसाठी काचेचा कप असतो आणि रोजच्या राबत्याला पितळेचा तांब्या असतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे तांब्याच कपापेक्षा महाग आहे, आणि म्हणून तो घ्यायला कोणी धजत नाही.

माझा या दुसऱ्या घराण्याशी जुना घरोबा आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यात माझी ३१ वर्षे गेली. तिथे पडद्यावर तेल उडते, लोखंडाचा कीस बसतो, आणि कामगार हातमोजे न काढता बोटांनी बटणे दाबतो. आपल्या मोबाइलची काच बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेच्या फरकावर चालते, म्हणून साध्या हातमोज्याला ती दाद देत नाही. यंत्रावरच्या पुष्कळ पडद्यांना दोन पातळ थर असतात. दाबले की ते एकमेकांना टेकतात, मग दाबणारे बोट असो की पान्ह्याचे टोक असो. या असल्या गोष्टी मी सांगू लागलो की आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामे आठवतात. पण नातेवाईक मंडळींत ‘याला पडद्यातले कळते’ अशी माझी कीर्ती झाली आहे खरी.

त्या कीर्तीमुळेच २०२४ च्या सप्टेंबरात गावाकडून माझ्या थोरल्या चुलतभावाचा फोन आला. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे ते अध्यक्ष.

“तू दोन दिवस ये बघ,” दादा म्हणाले. “एका टी.व्ही.पायी संस्था फुटायची वेळ आलीया.”

“टी.व्ही.पायी? दादा, तुम्ही संस्थेत टी.व्ही. कशाला लावलात?”

“ये तर खरं. डोळ्यांनी बघ, मग बोल.”

मी गेलो. शहरातल्या वाचकांना दूध पिशवीतून येते एवढेच ठाऊक असते, म्हणून आधी त्या संस्थेतली पहाट सांगितली पाहिजे. सहाच्या सुमारास किटल्या घेऊन माणसे येऊ लागतात. दूध काट्यावर ओततात, वजन होते. त्यातला चमचाभर नमुना एका यंत्रात जातो आणि मिनिटाभरात दोन आकडे मिळतात. एक फॅटचा, म्हणजे स्निग्धांशाचा, दुसरा एस.एन.एफ.चा, म्हणजे स्निग्धांश व पाणी सोडून दुधात जे उरते त्याचा. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आकडे आमच्याकडे दराचा पाया समजले जातात. त्यापेक्षा आकडा एक दशांशाने खाली घसरला की लिटरमागे काही पैसे कमी झालेच. पूर्वी ही तपासणी स्वित्झर्लंडच्या गर्बर नावाच्या रसायनज्ञाच्या पद्धतीने, काचेच्या नळ्या आणि गंधकाम्ल घेऊन, आतल्या खोलीत चाले. दूध घालणारा बाहेर, त्याचे नशीब आत. खोलीतून जो आकडा येईल तो मुकाट्याने घ्यायचा. यंत्र आले आणि बाहेर एक पडदा लागला, तेव्हा त्या खोलीचे दार पहिल्यांदा उघडले. किटली रिकामी झाली की मान वर करायची आणि आपला आकडा आपण वाचायचा. दोनच ओळींची ही लोकशाही. पण गावात तिला फार मान आहे.

२०२३ साली संस्थेने जुना लाल आकड्यांचा फलक काढून त्या जागी घरगुती ४३ इंची टी.व्ही. बसवला होता. उद्‌घाटन झाले, नारळ फुटला. पडद्याच्या अर्ध्या भागात अध्यक्षांचा, म्हणजे आमच्या दादांचा, हात जोडलेला फोटो आणि सणांच्या शुभेच्छा. उरलेल्या अर्ध्यात दुधाचे आकडे. पहिले तीन महिने झकास गेले. मग मार्च उजाडला. शेडची उघडी बाजू पूर्वेकडे. सूर्य वर आला की ऊन थेट काचेवर. पडद्याचा आरसा व्हायचा, आणि फॅट पाहायला मान वर करणाऱ्याला स्वतःचेच तोंड दिसायचे!

यात त्या टी.व्ही.चा दोष काही नव्हता. पडद्याचा उजेड ‘निट’ या मापाने मोजतात. घरातला साधा टी.व्ही. साधारण २५० ते ४०० निटांचा असतो. दिवाणखान्यातल्या मंद उजेडाला तो पुरून उरतो. उन्हात वाचता यावा असा पडदा हजार निटांच्या पुढचा लागतो. शिवाय ऊन नुसते उजेड आणत नाही, उष्णताही आणते. या काचांच्या मध्ये जो पदार्थ असतो त्याला द्रवस्फटिक म्हणतात. १८८८ साली प्रागमध्ये रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो प्रथम आढळला. कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ त्याने तापवला, तर तो दोनदा वितळला. १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना एकदम नितळ. त्या गढूळ अवस्थेतच पडद्याची सारी जादू आहे. आजच्या पडद्यातले पदार्थ निराळे असतात आणि पुष्कळ कमी तापमानाला नितळ होतात. पण गोष्ट तीच. पडदा फार तापला की आतला द्रव आपली शिस्त सोडतो, उजेडाला वळवेनासा होतो आणि काचेवर काळा डाग पसरतो. थंड झाला की पुन्हा ठीक. घरगुती टी.व्ही.बरोबरच्या पुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश अशी मर्यादा बहुधा छापलेली असते. सांगलीकडच्या एप्रिलात उन्हात टांगलेल्या काळ्या पेटीने चाळीस अंश पाळावेत, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

आणि मग जूनमध्ये तो पडदा बंदच पडला. संध्याकाळी उजेडावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि टी.व्ही.च्या पाठीला हवेसाठी ज्या फटी ठेवलेल्या असतात त्या पालीला फार सोयीच्या वाटतात. एक पाल आत गेली, आणि बाहेर आली नाही. तालुक्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने शेड पाहिली, रोज नळीने धुतली जाणारी फरशी पाहिली, आणि कागद दाखवला: हमी फक्त घरगुती वापरासाठी. दुरुस्तीला आठ दिवस लागले.

त्या आठ दिवसांत कारकून आकडे तोंडाने वाचून दाखवीत होता. पावती छापील मिळत होती. एक थेंबही इकडचा तिकडे झाला नसेल, याबद्दल मला शंका नाही. पण आठव्या दिवशी अकरा जणांनी दूध संस्थेला घालायचे बंद करून खासगी गवळ्याला घालायला सुरुवात केली होती. त्यांत आमच्या घरामागे राहणारी एक आक्का होती. एकच गाय, दोन्ही वेळचे मिळून सात-आठ लिटर दूध, आणि त्यावर चाललेले घर.

“आक्का, पावती तर मिळत होती की,” मी तिला विचारले.

“पावती आतनं येती बाबा,” ती म्हणाली. “आकडा तोच असंल. पर म्या बघितला न्हाई न्हवं.”

एवढ्या वर्षांत पडद्याबद्दल इतके नेमके मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संचालक मंडळाची सभा भरली. समोर दोन कागद होते. एक, तसाच नवा घरगुती टी.व्ही., किंमत २४ हजार. दुसरा, एका विक्रेत्याने दिलेला कारखानी पडदा, ४३ इंची, २,५०० निटांचा, किंमत दोन लाखांच्या वर. त्याच्या माहितीपत्रकात गुणांची नुसती रास होती. उणे वीस अंशांत चालतो. धक्के सोसतो. अहोरात्र चालतो. बोटाच्या स्पर्शावर चालतो. वधूपिता मुलीचे गुण सांगू लागला की त्यांतले संसाराला लागणारे किती, हे शेवटी आपणच पाहावे लागते. आमच्या गावात उणे वीस अंश होण्याचा संभव नाही. भिंतीवरच्या पडद्याला कोणी धक्का मारणार नाही. आणि दुधाने माखलेले बोट त्याला कोणी लावूही नये. अहोरात्र म्हणावे, तर संस्था सकाळ-संध्याकाळ मिळून सात तास चालते. म्हणजे वर्षाचे २,५५५ तास. मागच्या दिव्यांचा उजेड निम्मा व्हायला ५० हजार तास लागतात असे त्या कागदावर लिहिले होते. म्हणजे आमच्या संस्थेत साडेएकोणीस वर्षे. इतकी वर्षे ते दूध मोजण्याचे यंत्रही टिकणार नाही.

मी म्हटले, “आधी फुकटात काय होते ते करू या.” पडद्यावर पत्र्याची पुढे आलेली झडप बसवायची आणि त्याचे तोंड थोडे उत्तरेकडे वळवायचे. एवढ्याने थेट ऊन टळले, तर २,५०० निटांची गरज नाही, हजार पुरतील. मग दादांचा फोटो आणि शुभेच्छा काढायच्या. त्या गेल्या, तर ४३ इंचही नकोत. लिटर, फॅट, एस.एन.एफ. आणि रक्कम हे चारच आकडे हातभर अंतरावरून ठसठशीत दिसायला २१ इंच पुष्कळ झाले. (दादांनी या सूचनेला मुळीच हरकत घेतली नाही, हे मी नमूद करून ठेवतो.) पाण्याचे मात्र सोडायचे नाही. अशा उपकरणांवर ‘आय.पी.’ आणि पुढे दोन अंक लिहिलेले असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही, आणि ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी कुठूनही मारले तरी बिघडणार नाही. पण इथे एक मेख असते. कित्येक पडद्यांना हे ६५ फक्त पुढच्या बाजूला लागू असते, कारण ते यंत्राच्या पेटीत बसवायचे म्हणून केलेले असतात, पाठ उघडीच. आमच्या पालीला तेवढे पुरे. तेव्हा ६५ चौफेर आहे का, हे लेखी विचारायचे.

असा हिशेब करून नवे दरपत्रक मागवले. ते आले ९० हजारांचे.

“नव्वद हजारांत पावणेचार टी.व्ही. येतील,” खजिनदार म्हणाले. “एक बिघडला की दुसरा लावायचा. तुमचं कारखान्याचं गणित इथं कशाला?”

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. संस्थेचे पैसे म्हणजे दूध घालणाऱ्यांचे पैसे. वर्षाच्या नफ्यातून दिवाळीला त्यांना जो फरक वाटतात, त्यातूनच हे जाणार. जास्तीचे ६६ हजार, सभासद १८०. म्हणजे माणशी सरासरी ३६७ रुपये. आक्काच्या घरात ३६७ रुपयांत फराळाचे तेल-डाळ येते. तिच्या तोंडचा घास काढून मी तिला चकचकीत काच देत होतो की काय, हा प्रश्न मला त्या रात्री सुखाने झोपू देईना.

शेवटी मला उत्तर सापडले ते खजिनदारांच्याच टेबलावर. त्यांच्यापुढे संस्थेचा संगणक होता, त्याचा साधा पडदा. तो बंद पडला तर खजिनदार काय करतील? ओरडतील, आणि तासाभरात दुसरा येईल. तिथे साधाच पडदा बरोबर आहे. एक जास्तीचा कपाटात ठेवला की काम झाले. म्हणजे खजिनदारांचा हिशेब चुकीचा नव्हता. तो फक्त त्यांच्या टेबलापुरता खरा होता. बाहेरचा पडदा बंद पडला तर मात्र आक्का ओरडत नाही. ती काहीच बोलत नाही. ती गप्प बसते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी किटली घेऊन दुसऱ्या दाराला जाते. पावणेचार टी.व्ही. म्हणजे पावणेचार वेळा तो अंधार. आणि मधल्या काळात रोज सकाळी उन्हात तोच आरसा.

मी सभेत एवढेच बोललो. दादांनी हा विषय सभासदांपुढे ठेवला, आणि फरकातून पैसे जाणार हेही लपवले नाही. पुष्कळ चर्चा झाली. दोघे-तिघे रागावून उठून गेले. आक्काने एकच प्रश्न विचारला, “उन्हात दिसंल का मला?” दिसेल, असे सांगितल्यावर तिने हात वर केला. बाहेरच्या भिंतीला मजबूत पडदा आणि आतल्या टेबलाला साधा, असे ठरले. २०२४ च्या दसऱ्याला तो लागला. २०२५ चा उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही त्याने काढले. अकरांपैकी आठ जण परत आले. तिघे अजून आलेले नाहीत. काचेने सगळेच सांधते असे नाही.

ही हकीकत पुण्यातल्या वाचकांना कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. घरचा टी.व्ही. निवडणारे आपण आणि पाहणारेही आपणच. म्हणून तिथे फारशी गफलत होत नाही. गफलत होते ती निवडणारा एक आणि पाहणारा दुसरा असला म्हणजे. मग निवडणारा आपल्या डोळ्यांनी निवडतो, आपल्या खोलीतल्या उजेडात निवडतो. ज्याचे पोट त्या पडद्यावर अवलंबून असते, त्याच्या वाट्याला बहुधा सर्वांत हलका येतो.

आमच्या इमारतीचेच पाहा ना. खालच्या दालनात ५५ इंचांचा झकपक पडदा लावावा, त्यावर सभासदांचे वाढदिवस आणि सणांच्या शुभेच्छा झळकाव्यात, अशी सूचना आली आहे. फाटकाजवळ रखवालदाराची पत्र्याची खोली आहे. तिथे सी.सी.टी.व्ही.चे नऊ चौकोन दाखवणारा पडदा म्हणजे एका सभासदाने नवा घेतल्यावर दान केलेला जुना टी.व्ही. आपल्या घरी टी.व्ही. दिवसाला चार तास चालतो असे धरा. वर्षाचे १,४६० तास झाले. रखवालदाराचा चोवीस तास चालतो, वर्षाचे ८,७६०. म्हणजे त्याचे एक वर्ष ते आपल्या टी.व्ही.ची सहा वर्षे! तो आता पिवळा पडला आहे, आणि नऊपैकी दोन चौकोनांत रात्री माणूस आहे की झाड, हे ओळखू येत नाही. उद्या काही झाले, तर ‘तुला दिसले कसे नाही?’ असे आपण त्या रखवालदारालाच विचारणार, आणि त्याची नोकरी जाणार.

त्याला धूळ-पाण्याचे ६५ नको, उन्हातले हजार निट नकोत. कारखानी म्हटले की सगळेच चांगले, असे मानून पैसे उधळण्याचे काहीच कारण नाही. अहोरात्र चालण्यासाठी केलेला, मधल्या किमतीचा पडदा बाजारात मिळतो, तो पुरे. पडदा कुठे टांगायचा, किती तास चालवायचा आणि बंद पडला तर कोणाचे काय अडते, हे तीन प्रश्न क्रमाने विचारले की निवड बहुधा आपोआप होते. पहिल्या दोहोंची उत्तरे दुकानदारही देईल. तिसरे मात्र ज्याचे अडते त्यालाच जाऊन विचारावे लागते.

येत्या रविवारी आमच्या इमारतीची सभा आहे. वाढदिवसांच्या पडद्याला माझा विरोध नाही; हौसेला मोल नसते. पण त्याच्या आधी रखवालदाराचा पडदा घ्यावा, अशी सूचना मी लिहून दिली आहे. आमची सौभाग्यवती म्हणते, “तुम्ही त्या रखवालदाराला विचारलंत का, त्याला काय हवंय ते?” काल संध्याकाळी जाऊन विचारले. तो जरा घुटमळला, आणि म्हणाला, “साहेब, मोठा नको. पण रात्री माणसाचा चेहरा कळेल एवढा बघा.”

तेवढे एक वाक्य मी माझ्या सूचनेच्या खाली जोडले आहे.